काळी जमीन, पेडगाव परिसर (जि. परभणी)

पेडगाव परिसरातील काळी, चिकण जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनली आहे. तिला सरसकट सुपीक म्हणतात. पण तिची खरी ताकद अन्नद्रव्यांपेक्षा पाणी धरण्यात आहे. रंगावरून भरपूर सेंद्रिय कर्ब असेल असे वाटते, प्रत्यक्षात कर्ब आणि नत्र दोन्ही सहसा कमीच. तिच्यातील स्मेक्टाइट गटाची खनिजे ओलीने फुगतात, वाळताना आकसतात; म्हणून उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात वाफसा लवकर येत नाही. खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी आणि हरभरा कोरडवाहू येतात, हा या ताकदीचा ठळक पुरावा.

मग पावसाच्या खंडात सोयाबीन का सुकते, असा आक्षेप येतो. एक तर चिकणमाती पाण्याचा बराच भाग इतका घट्ट धरते की मुळांना तो ओढता येत नाही. शिवाय उंचवट्यावर थर उथळ असतो, खाली लगेच मुरूम लागतो आणि साठाच तोकडा पडतो. त्यामुळे कोळपणी केवळ तणासाठी नसते. भेगा बुजवून ओल राखणे हेही तिचे काम. रुंद वरंबा-सरीने अतिवृष्टीत निचरा होतो, खंडात सरीतली ओल उपयोगी पडते. उथळ माळावर मात्र तिचा लाभ मर्यादितच राहतो.