वेज, गॉल्फमधील
गॉल्फच्या खेळातील, सर्वांत तिरक्या मुखाच्या काठ्यांचा वर्ग. हिरवळीजवळचे आखूड, उंच फटके मारण्यासाठी व वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्यासाठी या काठ्या वापरतात. पूर्वी या कामी वापरली जाणारी निब्लिक ही काठी पातळ तळामुळे वाळूत रुतत असे. अंतर्वक्र मुखाच्या वाळू-वेजवर १९३१ मध्ये बंदी आली. पुढे अमेरिकन खेळाडू जीन साराझेन याने निब्लिकच्या तळाला मागून धातूचा डाख देऊन तो जाड केला आणि १९३२ ची ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. असा तळ वाळूवरून घसरत असल्याने किंचित चुकलेला फटकाही निभावतो. मात्र कठीण जमिनीवर तो उसळतो व तेथे अरुंद तळ सोयीचा ठरतो. महाराष्ट्रातील मैदानांवर (उदा., चेंबूर येथील बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब, स्थापना १९२७) भूमी पावसाळ्यात मऊ व उन्हाळ्यात कठीण होत असल्याने तळाची निवड महत्त्वाची असते.

चेंडूची फिरकी मुखावरील खाचांवर बरीच अवलंबून असते. २०१० पासून उच्च स्तरीय स्पर्धांत खाचांचे आकारमान व कडांची धार मर्यादित करण्यात आली. परिणामी लांब गवतातून मारलेला चेंडू थोपविणे कठीण झाले. हाताला जाणवणाऱ्या स्पर्शासाठी अनेक खेळाडू मऊ घडीव पोलाद पसंत करतात.  खेळाडू सहसा एकाहून अधिक वेज बाळगतात.