एका नावाचे दोन वारस

जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव आज तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जगास ठाऊक आहे. तिच्या 30 तबकड्या त्या गावी व आसपासच्या टापूत दूरदूर मांडल्या आहेत. हेतू हा की, आकाशात एकमेकांस चिकटलेले भासणारे दोन उगम वेगळे ओळखता यावेत. इतिहासाच्या अभ्यासकासही कधी कधी असाच उद्योग करावा लागतो. एकाच नावाची दोन माणसे एकाच काळी, एकाच घराण्यात उभी राहिली म्हणजे कागदांतील कोणते वाक्य कोणाविषयी आहे, हे ठरविताना मोठी पंचाईत होते. याचे ठळक उदाहरण शोधण्यास खोडदच्या परिसराबाहेर फारसे जावे लागत नाही. पश्चिमेस जुन्नराजवळ शिवनेरी आहे, आणि दक्षिणेस भीमेच्या काठी खेड. पहिल्या ठिकाणी 1630 साली ते नाव जन्मास आले. दुसऱ्या ठिकाणी 1707 साली त्याच नावाच्या दोन नातवांच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल जुनी आहे. शिवाजी महाराज 1680 साली निवर्तले आणि 1682 साली संभाजी महाराजांस पुत्र झाला, त्याचे नाव शिवाजी ठेविले गेले, यात नवल नाही. 1689 साली रायगड पडला व हा बालक मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला. पुढे 1696 साली राजाराम महाराज व ताराबाई यांस पुत्र झाला. त्याचेही नाव शिवाजीच. हा योगायोग नव्हे, असे मला वाटते. एक शिवाजी शत्रूच्या छावणीत अडकला असता दुसरा शिवाजी स्वराज्यात असावा, ही गरज त्या नावामागे दिसते. 1700 साली राजाराम महाराज वारल्यावर ताराबाईंनी या चार वर्षांच्या मुलास गादीवर बसविले व राज्य स्वतः मोठ्या हिमतीने चालविले.

1707 साली औरंगजेब मेला आणि आजमशहाने थोरल्या नातवाची सुटका केली. छावणीतील सुमारे साडेसतरा वर्षांत त्यास शाहू हे नाव पडले होते. ते खुद्द बादशहाने दिले, अशी परंपरा आहे. बालपणी गेलेला मुलगा पंचविशीत परत आला, तेव्हा ओळख कोणी पटवावी? हा तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले व सरदारांकडून दूधभातावर शपथा घेवविल्या, असे सांगतात. उलट परसोजी भोसले यांनी शाहूंच्या पंक्तीस एकत्र जेवून संशय फेडला. अखेर खेडच्या मैदानात धनाजी जाधव शाहूंकडे वळले आणि लढाईचा निकाल लागला. 1708 च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला.

विलक्षण गोष्ट अशी की, ज्याने बाजी जिंकली त्याने आजोबांचे नाव पुढे चालविले नाही; कैदेत पडलेल्या नावानेच त्याने राज्य केले. ज्याच्याकडे ते नाव राहिले, त्या ताराबाईंच्या पुत्रास 1714 साली राजसबाईंनी पदच्युत केले, आणि तो पन्हाळ्यावर कैदेतच वारला. त्यास कोणी ‘दुसरे शिवाजी’ म्हणतात, कोणी कोल्हापूरचे ‘पहिले’. हे आकडे आपल्या सोयीचे. त्या काळच्या माणसांस ते ठाऊक नव्हते.

तोतयाचा आरोप मात्र ताराबाईंस पुन्हा उपयोगी पडला. शाहूंच्या पश्चात आपला नातू म्हणून रामराजास त्यांनीच पुढे आणिले. तो आपल्या मुठीत राहत नाही असे दिसताच त्यास साताऱ्यास कैद केले, आणि 1752 साली जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन तो आपला नातू नव्हे, असे सांगितले. यांतले कोणते बोलणे खरे मानावे?

नाव तर फिरतच राहिले. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी 1855 साली निपुत्रिक वारले व ते संस्थान इंग्रजांनी खालसा केले. कोल्हापूरचे एक शिवाजी 1883 साली, वेड लागल्याचे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरास ठेविले असता, तेथेच वारले. यांच्याच छळाविषयी लिहिल्यावरून आदल्या वर्षी टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढिले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 1884 साली कागलकर घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला, आणि कोल्हापूरच्या गादीवर बसताना त्याचे नाव ठेविले शाहू.