उड्डाण-व्यवस्थापन यंत्रणेचा इतिहास : बिघाड, संकेत आणि अर्थ

दिल्लीहून चेन्नईकडे जाणारी विमाने नागपूर ओलांडल्यावर आमच्या घुग्घुसच्या आसमंतातून दक्षिणेस जातात. खाणींच्या दिव्यांमुळे येथील आकाश फारसे काळे राहिलेले नाही, तरी दहा किलोमीटर उंचीवरून सरकणारा तो ठिपका स्पष्ट दिसतो. त्या विमानात सुकाणूवर बहुतेक वेळ कोणाचाही हात नसतो. मार्ग कोणता, वेग किती, खाली उतरण्यास आरंभ कोठे करावयाचा, हे सर्व एक संगणक ठरवीत असतो आणि दोन वैमानिक त्याच्यावर देखरेख करीत असतात. या संगणकाला वैमानिकांच्या बोलीत एफएमएस म्हणतात. आपण त्यास उड्डाण-व्यवस्थापन यंत्रणा म्हणू.

हा विषय अभियंत्यांचा असता भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. त्याचे उत्तर इतकेच की या यंत्रणेचा इतिहास जसा संगणकांचा आहे तसाच तो संभाषणाचाही आहे. विमानाच्या कक्षातून एकेक माणूस उठून गेला आणि त्याने जे बोलावयाचे ते यंत्रास बोलावे लागले. यंत्राच्या अवयवांतील बिघाडावर उपाय तुलनेने लवकर सापडला. यंत्राचे म्हणणे आणि माणसाचे समजणे यांतील बिघाडावर मात्र तो फार उशिरा, आणि पुष्कळ प्राणहानीनंतर, सापडू लागला. प्रस्तुत निबंधात हे मुख्यतः मुंबई आणि बंगळूर येथील दोन दुर्घटनांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात ते एकटेच होते आणि रेडिओ नव्हता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. त्या काळी लांबच्या पल्ल्याच्या विमानांत मार्ग काढण्यासाठी नॅव्हिगेटर नावाचा स्वतंत्र अधिकारी असे. तो तारे, नकाशे आणि रेडिओ यांवरून विमानाचे स्थान काढी आणि कोणत्या दिशेस वळावे ते कप्तानास तोंडाने सांगे. सांगणारा माणूस असल्यामुळे त्यास उलट विचारता येई.

एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, 'एम्परर अशोक', १९७१ मध्ये भारतात आले, त्यात नॅव्हिगेटरचे आसन नव्हते. त्याची जागा जडत्वमापक यंत्रांनी घेतली होती. विमानाच्या प्रत्येक हालचालीची त्वरा मोजून आपण निघालो तेथून कोठवर आलो याचा हिशेब ही यंत्रे ठेवीत. त्यांत एका वेळी नऊ स्थाने भरता येत, आणि तीही अक्षांश-रेखांशांचे आकडे एकेक करून हाताने. पुढे १९७३ आणि १९७९ मध्ये तेलाचे भाव भडकले. इंधनाचा काटेकोर हिशेब करणाऱ्या संगणकांची गरज भासू लागली आणि मार्गाचा हिशेब व इंधनाचा हिशेब एकाच यंत्रणेत आले. १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ मध्ये ही यंत्रणा आजच्या स्वरूपात प्रथम दिसते. त्याच सुमारास तिसरे आसन, फ्लाइट इंजिनिअरचे, रिकामे झाले. एअर इंडियाने १९८६ मध्ये एअरबस ए-३१० आणि इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए-३२० घेतले. ही दोन्ही विमाने दोघांनीच चालवावयाची होती.

यंत्रणेचे कार्य थोडक्यात असे. तिच्या स्मृतिकोशात विमानतळ, धावपट्ट्या, रेडिओ-स्तंभ आणि आकाशातील नामांकित बिंदू यांची सूची असते. ती दर २८ दिवसांनी नवी करतात. ज्या बिंदूवर जमिनीवरचा रेडिओ-स्तंभ नसतो त्यास उच्चारता येईल असे पाच अक्षरी नाव देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अर्थ नसलेला, पण तोंडात बसणारा शब्द मुद्दाम घडवावयाचा, असा हा विलक्षण शब्दकोश होय. वैमानिक उड्डाणापूर्वी लहानशा कळफलकावरून मार्ग, विमानाचे वजन, वाऱ्याचा अंदाज, तसेच वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे गुणोत्तर भरतात. त्यावरून यंत्रणा किफायतशीर वेग व उंची काढते. विमान कोठे आहे हे ती जडत्वमापक, जमिनीवरील स्तंभ आणि आता उपग्रह या सर्वांची सांगड घालून ठरविते. मग ऑटोपायलटला दिशेचा व चढउताराचा आणि इंजिनांना जोराचा आदेश जातो.

बिघाडाच्या बाबतीत या यंत्रणेची नीती साक्षीपुराव्याच्या कायद्यासारखी आहे. एकाच साक्षीदारावर निकाल द्यावयाचा नाही. जडत्वमापके तीन असतात. दोघे एक सांगतात आणि तिसरा वेगळे, तर तिसऱ्याची साक्ष बाजूस ठेवली जाते. व्यवस्थापनाचे संगणक दोन असतात आणि ते एकमेकांचे हिशेब पडताळतात. एक बंद पडला तर दुसरा दोन्ही बाजूंचे काम पाहतो. परंतु दोन साक्षीदारांत मतभेद झाल्यास खरा कोण, हे तिसऱ्यावाचून ठरत नाही. अशा वेळी दोन्ही संगणक एकमेकांपासून अलग होतात, तशी सूचना पडद्यावर उमटते आणि निवाडा वैमानिकावर येतो. रेडिओ-स्तंभ व उपग्रह दोन्ही दुरावले तर यंत्रणा केवळ जडत्वमापकांवर चालते. तेव्हा तासाला सुमारे दोन सागरी मैलांपर्यंत चूक साचू शकते, म्हणून स्थानाची खात्री उणावल्याचे तिने सांगावयाचे असते. दोन्ही संगणक गेले तरी विमान पडत नाही. वैमानिक जुन्या पद्धतीने, स्तंभांचे काटे पाहून, मार्ग काढतो. पायरी-पायरीने खाली येणे आणि प्रत्येक पायरीवर तसे सांगणे, हे या रचनेचे सूत्र होय. त्यातला पहिला भाग यंत्रशास्त्राचा आहे. दुसऱ्या भागात, म्हणजे सांगण्यात, काय घडू शकते ते आता पाहू.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री 'एम्परर अशोक' सांताक्रूझहून दुबईस निघाले. समुद्रावर आल्यावर विमान उजवीकडे वळले आणि पुन्हा सपाट झाले; परंतु कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखविणारे उपकरण, उजवा कल दाखवीत तसेच अडकून राहिले. बाहेर काळोख आणि खाली काळा समुद्र. डोळ्यांना दुसरा आधार नव्हता. कप्तानाने तो खोटा कल सुधारण्यासाठी विमान डावीकडे झुकविले आणि झुकवीतच नेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. २१३ माणसांपैकी कोणीही वाचले नाही.

येथे साक्षीदारांची उणीव नव्हती. सहवैमानिकासमोर दुसरे क्षितिज होते आणि राखीव असे तिसरेही होते. ध्वनिमुद्रणावरून असे दिसते की आपले उपकरण ढळल्याचे कप्तान म्हणाला; सहवैमानिकाने आपलेही ढळल्याचे उत्तर दिले. वस्तुतः त्याचे उपकरण खरे बोलत होते. दोन्ही उपकरणांत फरक दिसताच त्याने दोन्ही ढळली असे मानले असावे. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र त्या उपकरणावर विसंबू नका असे पुनःपुन्हा बजावले. व्याकरणात ज्यास आपण दर्शक सर्वनाम म्हणतो त्यास अर्थ येतो तो बोट दाखविल्याने. अंधाऱ्या कक्षात तीन क्षितिजांपैकी 'ते' कोणते? सांगणाऱ्याला ते माहीत होते. ऐकणाऱ्याला उमगण्याइतका अवधी उरला नव्हता.

पुढे अमेरिकेत विमानाच्या व उपकरणाच्या निर्मात्यांवर दावे झाले. न्यायालयाने ते फेटाळले. कप्तानाने इतर उपकरणे पाहावयास हवी होती, हे खरेच आहे. पण एवढ्याने प्रश्न संपतो असे मानणे मला अपुरे वाटते. यंत्राचा एक अवयव खोटे बोलत असता, खोटे कोण बोलत आहे हे सांगण्याचे काम तिसऱ्या माणसाच्या एका सर्वनामावर येऊन पडले होते. आज दोन्ही वैमानिकांच्या पडद्यांवरील कलांत ठरावीक अंशांपेक्षा अधिक फरक पडला तर कल तपासा अशा अर्थाचे शब्द दोन्ही पडद्यांवर उमटतात. फ्लाइट इंजिनिअर गेला, आणि त्याचे बजावणे यंत्राच्या तोंडी आले.

परंतु यंत्राच्या तोंडी आलेला संकेत माणसाला कळेलच असे नाही. आमच्या भागातील वाचकांस खाणीचे उदाहरण जवळचे वाटेल. जुन्या विलायती खाण-संकेतावलीत पाळणा थांबलेला असता घंटेचा एक ठोका म्हणजे 'वर घे' आणि पाळणा चालत असता तोच एक ठोका म्हणजे 'थांब'. ठोका एकच, अर्थ अवस्थेवरून ठरतो. हा संकेत चालत आला, कारण पाळणा चालतो आहे की थांबला आहे हे दोन्ही टोकांच्या माणसांना ठाऊक असे. जेथे अवस्था एका पक्षालाच ठाऊक असते तेथे असा संकेत घातक होतो.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे अगदी नवे ए-३२० विमान मुंबईहून १४६ माणसांसह बंगळूरला निघाले. डाव्या आसनावरील वैमानिकाची परीक्षा चालू होती आणि उजवीकडे परीक्षक कॅप्टन होते. हवा स्वच्छ होती आणि विमानात बिघाड नव्हता. धावपट्टीकडे उतरताना मिनिटास ७०० फूट या दराने उतरण्याचे बोलणे झाले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीत असा संभव मांडला गेला की उतरण्याचा दर लावण्याच्या नॉबऐवजी शेजारचा, उंचीचा नॉब फिरविला गेला आणि त्यात ७०० हा आकडा लागला. बंगळूरचा तो विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट उंच. एका नॉबवर ७०० म्हणजे 'हळू उतर'. दुसऱ्यावर ७०० म्हणजे 'त्या उंचीपर्यंत उतरतच राहा', आणि ती उंची जमिनीच्या पोटात होती. यंत्राने आज्ञा मानली. इंजिने मंद गतीवर ठेवून उतरण्याची अवस्था त्याने धरली आणि तशी अक्षरे पडद्याच्या माथ्यावर दाखविली.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात हे विमान मंद इंजिनांवर उतरते आहे, हे कक्षात बोलले गेले. ही अवस्था सोडविण्यास दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर बंद होणे आवश्यक होते. आपण ते बंद केले, असे एकाने सांगितले. माझे बंद केलेले नाही, असे दुसऱ्याने म्हटले. मुंबईच्या कक्षातील 'ते' या सर्वनामाची येथे पुन्हा आठवण होते. वेग हवा होता त्याहून वीसहून अधिक नॉट घटला. इंजिनांना पूर्ण जोर देण्यात आला, परंतु मंद गतीवरून जोर धरण्यास त्यांना काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद राहिले नव्हते. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान आदळले. ९२ माणसे दगावली. दोन्ही वैमानिकही गेल्यामुळे तो नॉब कोणत्या हेतूने फिरविला गेला, हे अनुमानावरच राहिले. वैमानिकांनी परिस्थितीचे गांभीर्य न ओळखल्याचा ठपका अहवालात आहे. तो अमान्य करण्यास माझ्यापाशी आधार नाही. परंतु ज्या चिन्हाचे दोन अर्थ शेजारी-शेजारी बसविले आहेत, त्याच्या रचनाकारालाही त्या ठपक्याचा काही वाटा गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

बंगळूरचा बोध त्वरित घेतला गेला असता तर पुढच्या दोन वर्षांत स्ट्रासबर्ग घडले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समधील त्या शहराजवळ एक ए-३२० डोंगरावर आदळले आणि ८७ माणसे मेली. तेथे पडद्यावरचे दोन अंक ३.३ अंशांच्या उताराऐवजी मिनिटास ३,३०० फूट या दराचे वाचक ठरले असावेत, असे चौकशीत मानले गेले. त्यानंतर मात्र दराचा आकडा पूर्ण चार अंकांत दाखविण्याची सुधारणा झाली. मुद्रणाच्या एवढ्याशा फरकाने दोन अर्थ वेगळे झाले. १९९५ च्या डिसेंबरात कोलंबियातील काली येथे हेच नावांच्या बाबतीत घडले. नकाशात रोझो या स्तंभाची खूण 'आर' अशी होती; बोइंग ७५७ च्या यंत्रणेत 'आर' लिहिताच यादीच्या शिरोभागी आला तो बोगोटाजवळचा रोमिओ. विमान रात्रीच्या अंधारात पूर्वेकडे, डोंगरांकडे वळले आणि १५९ माणसे गेली. आपण ज्यास समानध्वनी शब्द म्हणतो त्यांचीच ही आकाशातील आवृत्ती होय. फरक इतकाच की बोलताना ऐकणारा संदर्भावरून अर्थ निवडतो, आणि येथे निवडणाऱ्यापुढे फक्त यादी होती.

अशी चूक माणूसच करतो असेही नाही. ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटासचे ए-३३० ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ उडत असता त्याच्या तीन माहितीसंचांपैकी एकाने उंचीचे आकडे पंखांच्या कोनाच्या नावाखाली पाठविण्यास सुरुवात केली. आकडा खरा, पण त्यावरची चिठ्ठी दुसऱ्याची. तीन साक्षीदारांची व्यवस्था होतीच, आणि अशा क्षणिक उसळ्या गाळण्याचा नियमही होता. एक उसळी आली की पुढचे १.२ सेकंद जुन्या मूल्यावर चालावयाचे. दुसरी उसळी नेमकी १.२ सेकंदांनी आली आणि गाळणीतून पार झाली. विमानाने आपणहून नाक खाली घातले. ११९ जण जखमी झाले. वैमानिकांनी विमान लिअरमंथला सुखरूप उतरविले. त्या संचात आकडा आणि नाव यांची गल्लत मुळात कशाने झाली, हे २०११ च्या अंतिम अहवालातही निश्चित झालेले नाही. गाळणीचा नियम मात्र एअरबसने नव्याने लिहिला.