१९४८ सालचं पायदुखणं आणि आपलं पालेगाव

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात कुणाला शुगर असेल किंवा कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

२१ फेब्रुवारी १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे सुपूर्द केला. तारीख आपल्याला माहीत असते, पण त्या वेळी हा माणूस कोणत्या अवस्थेत काम करत होता ते फारसं सांगितलं जात नाही. मधुमेह होता, रात्र-रात्र झोप नव्हती आणि पायांत असह्य वेदना होत्या. इन्शुलिन चालू होतं, होमिओपॅथीची औषधंही चालू होती. उपचारांसाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे येत. पथ्यपाणी आणि औषधं सांभाळणारं जाणतं माणूस सतत जवळ हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ ला त्यांचं लग्न झालं. त्याच आपल्या माईसाहेब. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही बाबासाहेबांच्या हातात काठी होती.

त्यांचं दुखणं मज्जातंतूंचं होतं, असं नोंदींवरून दिसतं. पायाच्या रक्तवाहिन्याही खराब होत्या, असा माझा दावा नाही. पण शुगर या दोन्ही वाटांनी पायावर येते, म्हणून इथे थोडं समजून घेऊ.

पहिली वाट मज्जातंतूंची. पायाची आग होते, मुंग्या येतात, हळूहळू पाय बधिर होतो. चप्पल चावली तरी कळत नाही. दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्या आतून चरबीचा थर बसून अरुंद होतात. बसून असताना त्रास नाही, पण थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो. थांबलं की काही मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. दोन्ही वाटा एकत्र आल्या की जखम झालेली कळत नाही आणि रक्त नसल्यामुळे ती भरतही नाही. मग गँगरीन, आणि मग पाय कापायची वेळ.

गंमत बघा, हे लक्षण आधी माणसात नाही, घोड्यात ओळखलं गेलं. १८३१ साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या पशुवैद्याने लिहून ठेवलं की घोडा थोडं पळाला की लंगडतो आणि विश्रांती दिली की ठीक होतो, कारण मागच्या पायांची रक्तवाहिनी बंद आहे. माणसात हेच दाखवून द्यायला शार्को या डॉक्टरांना १८५८ उजाडावं लागलं. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी तरुण माणसांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या एका आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तो तंबाखू ओढणाऱ्यांचाच आजार आहे. आपल्याकडे बिडीमुळे तो चांगलाच ओळखीचा. त्यावर पहिलं औषध एकच, तंबाखू कायमची बंद.

आता पुन्हा १९४८ कडे या. बाबासाहेब मुंबईत उपचार घेत होते त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ कुनलँ या सर्जनने रुग्णाच्याच पायातली शीर वापरून बंद रक्तवाहिनीला वळणरस्ता काढून दिला. ही पायाची बायपास. १९५० मध्ये विन्सर यांनी घोट्याचं ब्लडप्रेशर मोजून आजार पकडायची पद्धत मांडली. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांच्यासमोर ८२ वर्षांच्या एक बाई होत्या. पाय कापायला त्यांनी साफ नकार दिला होता. डॉटरनी नळी घालून आतूनच अरुंद रक्तवाहिनी रुंद केली, पाय वाचला आणि त्या पुन्हा चालू लागल्या. आजच्या अँजिओप्लास्टीची ही सुरुवात. पुढे १९७४ मध्ये ग्रुंटझिग यांनी त्यासाठी फुगा आणला. आणि १९६६ साली डेन्मार्कमधल्या अभ्यासाने दाखवलं की रोज नेमाने चालायचा सराव केला की न दुखता चालता येणारं अंतर वाढतं. दुखलं की थांबायचं, बरं वाटलं की पुन्हा निघायचं. अर्थात जखम किंवा बसल्या जागी वेदना नसेल तरच, आणि डॉक्टरांना विचारूनच.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. मोठ्या शस्त्रक्रिया उपयोगी पडतात, पण त्याआधी कुणीतरी वेळेवर पायाला हात लावावा लागतो. पावलावरची नाडी बोटांनी तपासायला खर्च शून्य. हाताचं आणि घोट्याचं ब्लडप्रेशर ताडून बघायला एक छोटा डॉप्लर पुरतो. घोट्याचं प्रेशर हाताच्या ०.९ पटीपेक्षा कमी निघालं तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यायची. जुन्या शुगरवाल्यांत हा आकडा फसवू शकतो, म्हणून तिथे तज्ज्ञच हवा.

आता आपल्या गावाचं. ९ ऑक्टोबर २०२४ ला अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, १०० जागांचं. आपल्या हक्काची ही गोष्ट आहे. आनंदनगर एमआयडीसीत दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस पोटरी दुखते म्हणून सुट्टी टाकत नाही. "वय झालं", "वात आहे" म्हणत बाम चोळतो आणि दोन बिड्या जास्त ओढतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. या महाविद्यालयाच्या रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस पायाच्या ओपीडीसाठी ठरलेला असावा आणि शुगरच्या प्रत्येक रुग्णाचे मोजे काढून पाय तपासले जावेत. आपल्या नगरसेवकांना, आमदारांना हे विचारा. मीही विचारणार आहे.

तोवर घरचं काम घरी करू. आज रात्री आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे तळपाय उजेडात बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? बोट काळं-निळं आहे का? जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही का? चालताना मध्येच थांबावं लागतं का? यातलं काहीही असेल तर बाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. पाय एकदम गार, पांढरा पडला आणि असह्य दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला निघा.

बाबासाहेबांना जे उपचार मिळाले ते त्या काळातले होते. आपल्या हाताशी त्यानंतरची पाऊणशे वर्षं आहेत. ती वापरूया.