डोळे माघारी फिरणारी गाडी

आमच्या घरातल्या सुना बहुतेक पैनगंगेपलीकडच्या, वाशीमच्या बाजूच्या. त्यामुळे लहानपणी ऐकलेल्या निम्म्या गोष्टी कनेरगाव नाक्यावरच घडायच्या. आज वाशीमहून हिंगोलीला जाताना इथे एसटी थांबते, माणसं चहा घेतात, टेम्पोत सोयाबीनची पोती चढतात. इथे कधीकाळी दोन राज्यांची हद्द होती, हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही.

आजीच्या वेळी पलीकडे इंग्रजांच्या अमलातलं वऱ्हाड होतं आणि अलीकडे निजामाचा परभणी जिल्हा. १८५३ च्या तहापासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेलेला. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाच्या जकात खात्याचं ठाणं. माल न्यायचा तर बैलगाडी थांबवायची, पोती मोजून द्यायची, पावती घ्यायची. नाणंसुद्धा बदलायचं. पलीकडे कलदार, अलीकडे हाली. सहा कलदारांचे सात हाली. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी हा हिशेब बाजारात उभ्या उभ्या करायची. पन्नाशीच्या दशकात हाली चलनातून गेला, पण तिच्या तोंडून काही गेला नाही.

तिच्या लग्नात म्हणे रुखवताची पेटी नाक्यावर उघडली होती. नव्या कापडावर जकात लागते म्हणून तिच्या आईने लुगडी आधीच दोनदा धुऊन, घड्या मोडून ठेवलेली. पहिल्या बाळंतपणानंतर ती माहेराहून परतली, तेव्हा गाडीत डिंकाच्या लाडवांचा डबा होता. नाक्यावरच्या मुन्शीजींनी डबा उघडायला लावला, बाळाकडे बघितलं, एक लाडू उचलला आणि म्हणाले, "बेटी, ह्याची जकात पोचली." हा प्रसंग आजी दरवेळी थोडा वेगळा सांगायची. कधी लाडू डिंकाचे असायचे, कधी मेथीचे. मुन्शीजी मात्र दरवेळी तेवढेच भले असायचे. पुढचे दिवस वाईट आले. रझाकारांच्या धास्तीने गावंच्या गावं रात्रीतून पैनगंगा ओलांडून वाशीमकडे गेली. त्या दिवसांबद्दल बोलताना आजी मुन्शीजींचं नाव आवर्जून घ्यायची. दोन्ही आठवणी तिने एकाच गाठोड्यात जपल्या होत्या.

आणि मग गाडीची गोष्ट. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदुस्थानची फौज हैदराबाद संस्थानात शिरली. मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली, तशा वऱ्हाडच्या बाजूनेही तुकड्या आल्या. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामाने शरणागती पत्करली. सरकारी भाषेत ही पोलीस कारवाई. आजीच्या भाषेत 'अ‍ॅक्शन'. नाका पहिल्याच दिवशी मोकळा झाला, असं ती सांगायची. पोळा होऊन गेलेला की व्हायचा होता, यावर तिचं आणि आजोबांचं कधी जमलं नाही. पाऊस होता, काळ्या रानात पाय रुतत होता, यावर मात्र दोघांचं एकमत.

त्या चिखलात, दिवस मावळताना, एक लहानशी उघडी गाडी गावाजवळ बंद पडली. चार शिपाई. त्यांची भाषा कुणाला कळेना. आजीने सुनेच्या जातीला शोभणार नाही एवढं धाडस केलं आणि भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचा ठेचा असं घेऊन सासऱ्यांमागे उभी राहिली. तिथे तिने जे पाहिलं ते ती मरेपर्यंत सांगत होती. "मायबाई, त्या गाडीचे डोळे माघारी फिरायचे रे! शिपायानं डोळा धरला, उलटा फिरवला, आन् गाडी आपल्याच पोटात बघाया लागली." शिवाय हाकणारा उलट्या बाजूला बसायचा, आणि गाडीला तेल पाजायचं तर त्याला बसल्या जागेवरून उठावं लागायचं. आम्हा पोरांना ही राक्षसाच्या गोष्टीतली गाडी वाटायची. आम्ही पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो आणि अंगणात डोळे फिरवून दाखवायचो.

माझ्या पुतण्याचं नाक्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. थ्रेशर, वखर, ट्रॉलीचे कडे अशी कामं. शेजारच्या गावातल्या एका गोठ्यात पडलेली जीप त्याने भंगाराच्या भावात विकत घेतली. हौद्यात कडब्याच्या पेंढ्या आणि खाली कोंबड्या. सगळे म्हणाले महिंद्राची असेल. तसं म्हणणं स्वाभाविक होतं, कारण आपल्याकडे जीप म्हटलं की महिंद्रा. १९४५ साली निघालेली ती कंपनी आधी महिंद्र अँड मोहम्मद होती, हे आमच्या धाकट्या काकांना पक्कं ठाऊक. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं, आणि त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला तिने सुरुवात केली. हद्दीवरच्या माणसांना असल्या वाटण्यांच्या गोष्टी फार लक्षात राहतात.

पण पुतण्याने जाळीच्या फटी मोजल्या. नऊ. युद्धानंतरच्या मुलकी जीपला सात असतात. मागे फळका नाही, सरळ बंद पत्रा. नऊ फटींची आणि बंद पाठीची जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक जीपा अमेरिकेत तयार झाल्या. विलीज कंपनी एकटी पुरी पडेना, म्हणून त्याच नमुन्यावर फोर्डकडूनही करवून घेतल्या. दिसायला दोन्ही सारख्याच. ओळखायचं ते खाली वाकून. रेडिएटरखाली चासीची आडवी पट्टी गोल पाइपाची असेल तर विलीज; उलट्या पन्हळीसारखी चौकोनी असेल तर फोर्ड. ही चौकोनी निघाली.

मग बोल्ट. एक बोल्ट त्याने रॉकेलात भिजवला, तारेच्या ब्रशने घासला, अंगठ्याने पुसला आणि उन्हात तिरपा धरला. माथ्यावर इंग्रजी एफ उमटलेला होता, वळणदार, फोर्डच्या सहीतला. फोर्डने आपल्या वाट्याच्या जीपांच्या बारीकसारीक भागांवरही हे अक्षर मारलं होतं. चासीच्या डाव्या पट्टीवर, वरच्या अंगाला, गंजाखाली नंबर सापडला. सुरुवातीला जीपीडब्ल्यू, पुढे आकडे. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ऐंशी इंच अंतराची चाकं, डब्ल्यू म्हणजे विलीजचा नमुना.

इथपर्यंत लोखंडाने सांगितलं. पुढचं आजीने सांगितलं.

स्टिअरिंग उजवीकडे होतं. पुतण्या म्हणाला, मुळातच तसं असेल, आपल्याकडच्या रस्त्यांसाठी. मी त्याला आजीचं बोलणं सांगितलं: हाकणारा उलट्या बाजूला, आणि तेल पाजताना तोच उठायचा. त्याने डाव्या सीटखालचा पत्रा साफ केला. तिथे पेट्रोलच्या टाकीसाठी दाबून केलेला खोलगट खळगा होता. या जीपांची टाकी हाकणाऱ्याच्या बुडाखालीच असायची. गादी उचलल्याशिवाय पेट्रोल घालता येत नसे. म्हणजे हाकणारा डावीकडेच. मग चासीच्या डाव्या अंगाला स्टिअरिंगच्या खोक्याची जुनी भोकंही दिसली, वेल्डिंगने बुजवलेली.

आणि डोळे. डावा दिवा बिजागरीवर होता. गंजाने आणि रंगाच्या थरांनी गच्च धरलेला. रॉकेल, थोडी आच, पुन्हा रॉकेल. सैल झाल्यावर त्याने पंखाचा नट फिरवला आणि दिवा वर उचलून मागे वळवला. रात्री इंजिनाचं काम करायला शिपायाला बॅटरी धरायला नको, म्हणून केलेली ही सोय. आमची म्हातारी शब्दाशब्दाने खरं सांगत होती. दुकानात सगळे बोलत होते आणि मला बोलता येईना.

ही जीप तीच का, असं गावात सगळे विचारतात. धाकटे काका म्हणतात, नव्हे. युद्धानंतर सरकारने जीपा लिलावात काढल्या, त्यातली एक वाशीमच्या एका कापूस व्यापाऱ्याने घेतली आणि तीच फिरत फिरत इकडे आली. शेठजी हाकणाऱ्याशेजारी डावीकडे बसायचे आणि पेट्रोल भरताना शेठजींनाच उठावं लागायचं, हे काकांनी जिनिंगसमोर डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणजे तोवर स्टिअरिंग उजवीकडे गेलं होतं! काकांना हा धागा कळायच्या आत पुतण्याने वहीत लिहून घेतला. आत्या म्हणते, अ‍ॅक्शननंतर फौजेने टाकून दिलेलीच ती. मला दोघांचंही पटतं. आजीने पाहिलेली गाडी अशीच होती, एवढं आता पत्र्यावर सिद्ध झालंय.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली, पण १९११ साली ते गेले आणि गाडी १९१२ मध्ये आली. मिरवणुकीपुरती निघायची. तीही पुढे दुरुस्त होऊन उजळली. तिच्यापुढे उभं राहिलं की राजेपण दिसतं. आमच्या जीपच्या अंगावर मात्र प्रजा दिसते. रंग खरवडताना आधी काळा-पिवळा निघाला, कारण काही वर्षं ती नाका ते वाशीम सवाऱ्या वाहत होती. त्याखाली निळा, त्याखाली तांबडं अस्तर, आणि तळाशी मळकट हिरवा. पोटात मॅटॅडोरचं डिझेल इंजिन. पेट्रोल महागलं तशी मराठवाड्या-वऱ्हाडातल्या कितीतरी जीपांची अशीच इंजिनं बदलली. त्यामुळेच त्या जगल्या.

इथे घरात मतभेद झाले. पुतण्याचं म्हणणं, गाडी १९४८ ला होती तशी करायची. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचा नियम केला आहे: पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच. नियम बघता त्याचं बरोबरच होतं. मूळ इंजिन हे २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल, साठ अश्वशक्तीचं. नशीब असं, की तेच इंजिन युद्धानंतरच्या मुलकी जीपांतही बसत असे, त्यामुळे जुन्या भंगारात ते आणि त्याचे सुटे भाग अजून मिळतात. स्टिअरिंग पुन्हा डावीकडे गेलं. वायरिंग सहा व्होल्टचं झालं. कमानपाटे उघडून नवे बुश बसवले. लेथवरच्या म्हाताऱ्या टर्नरने किंगपिन अशी घडवली, की पैसे विचारल्यावर म्हणाला, "पहिल्यांदा चालू होईल तेव्हा बोलवा."

पण हौद्यातली बाकडी काढायची वेळ आली तेव्हा धाकट्या काकू आडव्या आल्या. त्याच बाकड्यावर त्यांना अडलेल्या बाळंतपणात रातोरात वाशीमला नेलं होतं. एका कोपऱ्याला कुणीतरी खिळ्याने गजानन महाराजांचं नाव कोरलेलं आहे. अमेरिकेतल्या कारखान्यात ती बाकडी नव्हती, हे खरं. काकूंच्या आयुष्यात होती, हेही तेवढंच खरं.

मला यातून जे कळलं ते ठासून सांगावंसं वाटतं. जुनी गाडी मूळ रूपात आणायची म्हणताना आपण एक साल निवडतो आणि बाकीच्या सालांची माणसं पुसतो. फौजेची जीप हवी, तर शेठजी जातात, सवाऱ्या जातात, काकू जातात. निवड करावी लागतेच, नियमही तेच सांगतो. पण ग्राइंडर लावण्याआधी प्रत्येक थर कोणाचा होता ते विचारून, लिहून ठेवलं पाहिजे. लोखंड अजून पन्नास वर्षं गंजत का होईना थांबेल. सांगणारी माणसं थांबत नाहीत.

पुतण्याने आता दोन रकान्यांची वही केली आहे. डावीकडे लोखंड काय बोललं, उजवीकडे माणसं काय बोलली. रंगाच्या प्रत्येक थराचा टवका त्यात चिकटवलाय, हिशेब जुळत नाही तिथे दोन्ही बाजू तशाच ठेवल्यात. बाकडी निघाली, पण ती घरात ओट्याला लागून बसवली आणि काकू संध्याकाळी त्यावरच तांदूळ निवडतात. निळ्या रंगाचं कोडं अजून सुटलेलं नाही. वाशीमला आमच्या आत्याची नणंद आहे, नव्वदीच्या आसपासची. तिच्या लग्नात नवरदेव एका निळ्या जीपमधून आला होता, असं म्हणतात. दसऱ्याआधी आम्ही वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोत, डिंकाचे लाडू घेऊन. आता वाटेत जकात नाही.