‘पुढे सरका’ : आठ वाक्यांवर भाष्य

भाष्याची जुनी व्याख्या अशी की, भाष्यकारानं सूत्रातले शब्द उलगडावेत आणि ते उलगडताना वापरलेले स्वतःचे शब्दही उलगडावेत. तिच्या आधारानं मी माझ्याच एका ललित लेखाच्या सुरुवातीच्या परिच्छेदावर लिहितो आहे. दुसऱ्याच्या लेखात काय आहे तेवढंच आपल्याला दिसतं. स्वतःच्या लेखातून काय काढून टाकलं तेही माहीत असतं, आणि शैलीचा विचार करायचा तर खोडलेल्या ओळी फार उपयोगी पडतात.

१. ‘आण्णा एसटीत कंडक्टर होते.’

वडील गेल्यावर एका सभेसाठी मला शोकप्रस्ताव लिहून द्यावा लागला होता. त्यात ते ‘वाहक’ होते आणि त्यांनी ‘निष्ठेनं प्रदीर्घ सेवा’ केली होती. यात खोटं काहीच नव्हतं. शोकप्रस्तावाला माणसाचं पद लागतं, सेवेचा काळ लागतो, गुण लागतात. सभेत उभं राहून वाचायचा मजकूर तसाच असायला हवा. पण आमच्या घरात ‘वाहक’ हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही. तो गाडीत पत्र्यावर रंगवलेला असे, तेवढाच. ललित लेखाला बसताना पहिली गोष्ट केली ती ही की ‘वाहक’चा ‘कंडक्टर’ केला. या एका शब्दानं लेख सभेतून उठून ओसरीवर आला. फडक्यांनी आपल्या लघुनिबंधांना ‘गुजगोष्टी’ म्हटलं, त्यातलं ‘गूज’ मला महत्त्वाचं वाटतं. गूज सांगायचं तर घरातलेच शब्द हवेत.

२. ‘मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येत आणि कुणाशी काही बोलण्याआधी हात धूत.’

‘येत’, ‘धूत’ हा रीतिभूतकाळ. बोलताना मी ‘यायचे’, ‘धुवायचे’ असं म्हणतो. मग इथे ओसरीची भाषा का सोडली? दोन्ही रूपं लिहून मोठ्यानं वाचली. ‘यायचे’मध्ये सांगणारा समोर बसलेला दिसतो, त्याचे हातवारे दिसतात. ‘येत’मध्ये सांगणारा बाजूला होतो आणि येणारा माणूस दिसतो. शिवाय रीतिभूतकाळ कुठलाही एक दिवस सांगत नाही, शेकडो दुपारी एकावर एक रचतो. मराठीला हा काळ एका शब्दात मिळतो. आजकाल लिहिताना आपण तो जुनाट म्हणून टाळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आठवणींच्या लेखनात त्याच्याइतकं हाताशी येणारं दुसरं अवजार नाही.

वाक्यात कर्ता नाही. पहिल्या वाक्यातले आण्णा इथे पुरतात.

३. ‘साबणाचा फेस राखाडी होई.’

आधी इथे तीन ओळी होत्या : दिवसभर नाणी मोजून अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडत, हाताला धातूचा वास येई, तो जेवतानाही जात नसे. सगळं खरं. पण तीन ओळींत मी कष्टाचं वर्णन करत होतो, आणि वर्णन लांबलं की त्यातून गौरव डोकावतो. शोकप्रस्ताव मागच्या दारानं परत आत येत होता. फेस तेवढा ठेवला. फेस राखाडी का, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या क्षणी कळतं, आणि तो दुसरा क्षण त्याचा स्वतःचा असतो.

४. ‘झोपेत म्हणे ते “पुढे सरका, पुढे सरका” म्हणत.’

या वाक्याचा सगळा भार ‘म्हणे’वर आहे. ‘म्हणे’ म्हणजे मी ऐकलेलं नाही, ऐकणाऱ्यानं मला सांगितलं. कुणी सांगितलं असेल? झोपेतलं बोलणं ऐकणारं माणूस एकच. आईचं नाव न घेता ती परिच्छेदात आली, जागी असलेली, अंधारात ऐकणारी. ‘आई सांगायची की’ असं लिहिलं असतं तर तिला बोलायला लावून लगेच निरोप दिल्यासारखं झालं असतं. दोनच अक्षरांचा शब्द आहे, पण त्याच्यामागे एक खोली आहे. ‘म्हणे... म्हणत’ अशी द्विरुक्ती कानाला जरा खटकते हे मान्य. ती दुरुस्त करून पाहिली, वाक्य मेलं, परत घेतली.

५. ‘कॉलेजला मी त्याच मार्गावरच्या गाडीनं जाई; त्यांची ड्यूटी असली की ती गाडी सोडून देई.’

‘मी’ पाचव्या वाक्यात पहिल्यांदा येतो. हा साहित्यप्रकार आत्मपर म्हणवतो, मग ‘मी’ इतका उशिरा का? मोंतेन्यनं 1580 साली आपल्या पुस्तकाचा विषय आपण स्वतःच असल्याचं वाचकाला सांगून टाकलं, तेव्हापासून हा प्रश्न आहे. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’त झाडं, पानं, आभाळ पुढे असतात आणि पाहणारी मागे उभी असते, तरी ते लेखन दुसऱ्या कुणाचं वाटणं शक्य नाही. आत्मपरता ‘मी’ किती वेळा आला यावर मोजायची नसते. कुठे उभं राहून पाहिलं, यावर ती ठरते.

आता त्या अर्धविरामाबद्दल. पहिल्या खर्ड्यात त्या जागी ‘पण मला लाज वाटे’ असं होतं. ते मी तीनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. चिपळूणकरांनी 1874मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, त्या वळणाच्या निबंधात लाज सांगायलाच हवी होती : तिचं नाव घ्यायचं, कारणं द्यायची, वाचकाला पटवायचं. ललित लेखात नाव घेतलं की वाचक लगेच क्षमा करून मोकळा होतो. मला ती क्षमा नको होती. गाडी सोडून देणं ही कृती आहे, ती तशीच समोर राहावी. म्हणून दोन वाक्यांच्या मध्ये अर्धविराम ठेवला आणि कारण त्याच्यात ठेवून दिलं.

६. ‘एकदा चुकून चढलो.’

‘जाई’, ‘देई’ संपलं. ‘चढलो’ हा एकाच दिवसाचा, एकाच पायरीचा भूतकाळ. रीतिभूतकाळाची चार वाक्यांची सवय मोडली की वाचकाला दचका बसतो, तो इथे हवा होता. गाडी फलाटाला लागली होती आणि आण्णा नोंदीसाठी कंट्रोलरकडे गेले होते, म्हणून दिसले नाहीत. हे लेखात नाही.

७. ‘त्यांनी पास मागितला, पाहिला, परत दिला.’

इथली खोडलेली ओळ मला अजून आठवते : पासावर माझ्या नावापुढे त्यांचं नाव होतं. ओळ चांगली होती, म्हणूनच सोडवेना. पण मराठी वाचकाला पासावर काय लिहिलेलं असतं ते सांगावं लागत नाही. आपलं नाव वडिलांच्या नावाशिवाय पुरं होत नाही, हे त्याच्या स्वतःच्या कागदांवरही आहे. दुसऱ्या भाषेत हा लेख नेला तर ती ओळ घालावी लागेल. इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’तल्या बाईला लोक कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको म्हणून ओळखतात, आणि शेवटी शाळेतली मुलं कुणाची तरी आई म्हणून. तिथे नात्यातून मिळालेली ओळख ती आनंदानं स्वीकारते. माझ्या वाक्यात ती ओळख हातातल्या कागदावर आहे, आणि दोघेही तिचा उच्चार करत नाहीत. तीन क्रियापदं लागोपाठ ठेवली, मध्ये ‘आणि’ नाही. कंडक्टरच्या हाताचा वेग तेवढाच असतो.

८. ‘मग म्हणाले, “पुढे सरका.”’

घरी ते मला ‘सरक’ म्हणत. ‘सरका’ हे अनेकवचन आहे, आणि आदरार्थीही. ते सगळ्या गाडीला म्हणाले की मला? मला असेल तर त्यात परकेपणा होता, की गाडीत इतर कुणालाही द्यायचा तो मान? मराठीचं हे एक रूप दोन्ही अर्थ पोटात ठेवतं. लेखकानं त्यातला एक निवडू नये. वाचून दाखवल्यावर एका जाणत्या मित्रानं ‘त्या दिवशी मला कळलं...’ असं एखादं वाक्य शेवटी सुचवलं. मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं. मी पुढे सरकलो होतो.

लेख छापून आला तेव्हा आईनं चष्मा लावून सावकाश वाचला. अंक मिटून म्हणाली, ‘ते तुला नव्हतं रे. दारात माणसं लोंबकळत होती.’

आई त्या गाडीत नव्हती.