दाउ म्हणजे तू!

इंग्रजी प्रार्थनेत किंवा जुन्या कवितेत 'दाउ हॅस्ट', 'दाउ नोएस्ट' असं काही आलं की आपण जरा सावरून बसतो. हे फार आदराचं, खास देवाशी बोलायचं इंग्रजी, अशी आपली समजूत. आता बऱ्याच इंग्रजांचीही तीच आहे. मंडळी, मूळ प्रकार नेमका उलटा! 'दाउ' म्हणजे आपला साधा 'तू' आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'.

'तू'शी बोलताना क्रियापदाच्या शेवटी बहुधा 'स्ट' यायचा. आपल्या 'आहेस', 'करतोस'मधला 'स' आठवा, संस्कृतातलं 'करोषि' आठवा, जर्मनांचं 'दू हास्ट' आठवा. दूरची का होईना, भावकीच ती.

तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, 'यू' म्हणायची पद्धत पडली. 'ही इज' तर मग एकट्यालाही 'यू आर' का, असं वर्गातली मुलं हमखास विचारायची. उत्तर एवढंच, की ते आदरार्थी बहुवचन आहे. आपलं 'साहेब आले आहेत' तसंच.

मग 'दाउ' उरला लहानांना, नोकरांना, जिवलगांना, आणि अपमान करायला. १६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला 'दाउ' म्हटलंच, वर 'दाउ' या शब्दाचंच क्रियापद करून तसं बजावलंही. आपण 'अरेतुरे करणं' म्हणतो ना, तेच!

क्वेकर पंथाच्या लोकांनी तर याच शब्दापायी मार खाल्ला. देवापुढे सगळे सारखे, तर राजालाही 'तू'च म्हणणार, हा जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या अनुयायांचा हट्ट. थॉमस एलवुड नावाचा तरुण १६६० च्या सुमारास या पंथात गेला. बापाला 'तू' म्हणतो आणि बापासमोर टोपी काढत नाही म्हणून बापाने त्याला बडवलं. (हाच एलवुड पुढे अंध मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवत असे.) मला हा मुलगा आवडतो. पण बापाचं दुःखही कळतं!

१६११ च्या बायबलमध्ये देव, सैतान, राजा, चाकर, एकटा असेल तर सगळ्यांना 'दाउ'च आहे. तिथे फक्त वचनाचा भेद पाळला आहे, मानापमानाचा नाही. पुढे बोलण्यातून 'दाउ' गेला, देवळात तेवढा राहिला, म्हणून तो सोवळा वाटू लागला. आपण विठोबाला आणि आईलाही 'तू' म्हणतो ते जवळीक म्हणून. प्रमाण इंग्रजीत आता तशी सोयच नाही. सगळ्यांना मान देता देता जवळचा शब्दच गेला, याचं मला वाईट वाटतं.

असो. 'स्ट' मात्र क्वेकरांनाही टिकवता आला नाही. अमेरिकेतले क्वेकर पुढे 'दी इज' म्हणू लागले, म्हणजे 'तुला आहे' अशासारखं काहीतरी. यॉर्कशायरच्या जुन्या खेडवळ बोलीत तेवढा 'दा' ऐकू येतो.